मसुदा आणि दुरुस्ती : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीयांच्या इंग्रजी लेखनाचे एक अंग

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात इंग्रजी विद्येचा प्रवेश व प्रसार कसा झाला, ह्या विषयाची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. शाळा केव्हा निघाल्या, त्यांना द्रव्य कोणी पुरविले, पाठ्यपुस्तके कोणती होती, ह्याचा तपशील अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्या शाळांतून निघालेल्या पिढीने इंग्रजीत काय लिहिले, हेही ज्ञात आहे. ह्या दोहोंच्या मधला एक व्यवहार मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. परकी भाषा वाचून समजू लागणे निराळे आणि ती निर्दोष लिहिता येणे निराळे. दुसरी गोष्ट साध्य होण्यासाठी शिकणाऱ्याचे लिखाण दुसऱ्या कोणीतरी वाचावे लागते, त्यातील दोष दाखवावे लागतात आणि शिकणाऱ्याला ते लिखाण पुन्हा हाती घ्यावे लागते. हा व्यवहार वहीच्या समासात आणि टाकून दिलेल्या मसुद्यात घडतो. छापील पानावर त्याची खूण उरत नाही, म्हणून इतिहासातही त्याला क्वचितच जागा मिळते.

प्रस्तुत निबंधात ह्या व्यवहाराचा मागोवा सुमारे ऐंशी वर्षांच्या काळात घेतला आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा : आरंभी दुरुस्ती ही इंग्रज प्राध्यापकाकडून एतद्देशीय विद्यार्थ्याला मिळणारी वस्तू होती, शतकाच्या उत्तरार्धात ती शिकणाऱ्यांच्या आपापसांतील व्यवहार बनली, आणि ह्या स्थित्यंतराबरोबर तिचा विषयही पालटला. शब्द व व्याकरण ह्यांवरून ती आकडा, पुरावा व युक्तिवाद ह्यांवर आली. महाराष्ट्रातील सनदशीर राजकारणाला जी धार आली, तिचा काही भाग ह्या मूक व्यवहारातून आला आहे.

१

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली मुंबईचे गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ एतद्देशीयांनी निधी उभारला. त्या निधीतून नेमलेले पहिले प्राध्यापक, ऑर्लेबार व हार्कनेस, १८३५ साली मुंबईस आले. त्यांच्या आगमनापूर्वीच बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी इंग्रजीवर असे प्रभुत्व मिळविले होते की १८३४ साली त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’ हे पत्र मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा एक विशेष महत्त्वाचा आहे. ह्या पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांतून छापला जात असे, आणि देशबांधवांत इंग्रजी विद्येच्या अभ्यासाची आवड उत्पन्न करणे हा त्याच्या घोषित उद्देशांपैकी एक होता. शेजारचे दोन स्तंभ ताडून पाहणाऱ्या वाचकाला हे पत्र म्हणजे एक प्रकारचा मूक शिक्षकच होते. आपण योजला असता तो शब्द आणि प्रत्यक्ष योजलेला शब्द ह्यांतील अंतर त्याला स्वतःच मोजता येत असे. पुढे ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’ने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले, तिच्या पद्धतीचे मूळही हेच. मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे, आणि दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून चूक शोधावयाची.

ह्या पहिल्या पिढीत केवळ अनुकरण होते, असे मात्र समजू नये. दादोबा पांडुरंगांचे बंधू भास्कर पांडुरंग तर्खडकर ह्यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ ह्या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. त्यांत ब्रिटिश राज्यामुळे देशाचे द्रव्य कसे बाहेर जाते व राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीच्या गोष्टी कशा पोकळ आहेत, ह्यांविषयी कठोर टीका आहे. लेखकाचे वय त्या वेळी सुमारे पंचविशीचे होते. ज्यांच्याकडून भाषा घेतली त्यांच्यावरच ती चालविण्याचे धैर्य ह्या पिढीत आरंभापासूनच होते. ह्या पत्रांच्या मागे लेखकाशेजारी उभी असणारी मंडळी मात्र दिसत नाही. लेखक एकटा आहे आणि त्याने मुखवटा घेतला आहे.

मंडळी दिसू लागते ती १८४८ साली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक पॅटन ह्यांच्या प्रेरणेने त्या वर्षी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. दादाभाई नौरोजी तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते. सभासदाने निबंध लिहावा, तो सभेत वाचावा आणि इतरांनी त्यावर बोलावे, असा तिचा क्रम होता. तिच्याच मराठी व गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक सभा’ ह्या नावाने निघाल्या; मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. सोसायटीने १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, ह्या कार्यासाठी तिचे नाव विशेष घेतले जाते. परंतु निबंधवाचनाच्या प्रथेचे महत्त्वही कमी नाही. वर्गात विद्यार्थ्याचा निबंध एकच मनुष्य वाचतो, आणि तो परीक्षक असतो. सभेत तो निबंध बरोबरीचे लोक ऐकतात. त्यांनाही तीच भाषा नव्यानेच येत असते आणि त्यांच्याही हातून तशाच चुका होत असतात. शिकणाऱ्याने शिकणाऱ्याचे लेखन तपासावे, ह्या प्रथेचे बीज येथे पडले.

२

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली, आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे ते चौघे होत. विद्यापीठामुळे इंग्रजी निबंधाला नवे वजन आले. त्यावर परीक्षा, शिष्यवृत्ती आणि पुढील नोकरी अवलंबून राहू लागली. दुरुस्ती करणाऱ्या लेखणीची सत्ताही त्याच प्रमाणात वाढली.

ही सत्ता कोठपर्यंत जात असे ह्याचे उदाहरण रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची व इंग्रजी राज्याची तुलना केली आणि ती इंग्रजी राज्याला अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते. तथापि जे सरकार शिक्षण देते त्याचीच निंदा करणे योग्य नाही अशी समज देऊन त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

ह्या प्रसंगाकडे राष्ट्रीय भावनेची आरंभीची ठिणगी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. त्यातील दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ग्रँट ह्यांची हरकत निबंधाच्या भाषेवर नव्हती, मतावर होती. प्राध्यापकाच्या लाल रेघेत अशा रीतीने दोन अधिकार एकत्र आले होते : एक भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा आणि दुसरा विचाराच्या ग्राह्याग्राह्यतेचा. पहिला अधिकार शिकणाऱ्याने कृतज्ञतेने मान्य करावा हे स्वाभाविक होते; दुसरा मान्य करणे म्हणजे भाषेबरोबर मतही उसने घेणे होते. हे दोन अधिकार एकमेकांपासून सोडवावयाचे असतील, तर दुरुस्ती करणारी माणसे आपल्यांतूनच निर्माण होणे अवश्य होते. रानड्यांनी हा विचार ह्या शब्दांत मांडलेला नाही. परंतु पुढील तीस वर्षे त्यांनी जे केले, त्याचा अर्थ असाच लावावा लागतो.

३

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. पुढल्याच वर्षी रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यातील लेखांवर बहुधा लेखकाचे नाव नसे. रानडे सरकारी नोकरीत होते, आणि त्रैमासिकाचे दुसरे मोठे लेखक गणेश व्यंकटेश जोशी हेही सरकारी शाळाखात्यात होते. जोशी १८५१ साली जन्मले आणि सोलापूरच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून प्रसिद्धीस आले. शेतसारा, चलन, रेल्वे, देशाचे जमाखर्च ह्या विषयांवरील त्यांचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांनाही नाकारता आला नसता. त्यांचे बरेचसे लेखन त्यांच्या नावाने लोकांपुढे आले ते १९१२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी.

ह्या मंडळीत गोपाळ कृष्ण गोखले आले. त्यांचा जन्म १८६६ सालचा. १८८४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि १८८५ साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून दाखल झाले. इंग्रजी ग्रंथांतील दीर्घ उतारे मुखोद्गत करण्याच्या त्यांच्या सवयीचा उल्लेख चरित्रकारांनी केला आहे. पाठांतराने भाषेचा कान तयार होतो, परंतु स्वतःचे वाक्य रचण्याची शक्ती त्याने येतेच असे नाही. ती शक्ती गोखल्यांच्या ठिकाणी रानड्यांच्या हाताखाली आली. सुमारे चौदा वर्षे ते रानड्यांचे शिष्य होते. सभेचे त्रैमासिक, १८९० पासून सभेचे चिटणीसपद, आणि आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राचा इंग्रजी भाग, अशी लेखनाची कामे त्यांच्याकडे होती. सरकारी अहवाल वाचावयाचे, त्यांची टिपणे करावयाची, अर्जाचा मसुदा तयार करावयाचा आणि तो रानड्यांपुढे ठेवावयाचा, असा हा अभ्यासक्रम होता. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात विद्यार्थ्यांचे इंग्रजी तपासणारा हा तरुण प्राध्यापक आपले स्वतःचे इंग्रजी घेऊन दुसऱ्याच्या दारी जात असे.

येथे दुरुस्तीचा विषय कसा पालटला हे पाहण्यासारखे आहे. सरकारकडे जाणाऱ्या अर्जात व्याकरणाची चूक राहिली तर वाचणारा फार तर हसला असता. परंतु शेतसाऱ्याचा एखादा आकडा चुकला, एखाद्या ठरावाची तारीख चुकली, किंवा दहा गावांवरून साऱ्या जिल्ह्याविषयी विधान केले गेले, तर संपूर्ण अर्ज फेटाळण्यास सचिवालयाला तेवढे कारण पुरत असे. ज्या शेतकऱ्याच्या वतीने अर्ज गेला त्याला इंग्रजी येत नव्हते. आपल्या बाजूची चूक सुधारण्याची संधीही त्याला नव्हती. म्हणून अर्ज लिहिणाऱ्यावरील जबाबदारी दुहेरी होती. राज्यकर्त्याच्या भाषेत त्याला दोष देता येऊ नये असे लिहावयाचे, आणि ज्याच्यासाठी लिहावयाचे त्याचे नुकसान होऊ द्यावयाचे नाही.

एवढे श्रम करून पाठविलेल्या अर्जांना सरकारकडून दोन ओळींची रूक्ष उत्तरे येत. गोखल्यांना ह्याचा विषाद वाटे. त्यावर रानड्यांनी दिलेले उत्तर गोखल्यांनीच पुढे सांगितले आहे. त्याचा आशय असा की, हे अर्ज नावाला सरकारकडे जातात. खरोखर ते लोकांसाठी आहेत, लोकांनी अशा विषयांचा विचार करावयास शिकावे म्हणून ते लिहावयाचे. ह्या उत्तरातून रानड्यांची दृष्टी कळते. त्यांच्या मते मसुदा लिहिणे, तो तपासून घेणे व पुन्हा लिहिणे हेच राजकीय शिक्षण होते, आणि त्याचे फळ सरकारच्या उत्तरावर अवलंबून नव्हते.

४

ह्या परंपरेची कसोटी १८९७ साली लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले त्या वर्षी इंग्लंडला गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर हे इतर साक्षीदार वयाने व लौकिकाने मोठे होते. दादाभाई नौरोजी तर कमिशनचे सभासदच होते. गोखले एकतीस वर्षांचेही झाले नव्हते. एप्रिल महिन्यात झालेली त्यांची साक्ष उत्कृष्ट साक्षींपैकी एक गणली गेली. तिच्या सिद्धतेत रानडे व जोशी ह्यांचा वाटा मोठा होता, आणि गोखल्यांनी ते ऋण कधी लपविले नाही. उलटतपासणीत एकही आकडा ढळला नाही ह्याचे कारण, तो आकडा इंग्लंडच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी पुणे व सोलापूर येथे अनेकदा तपासला गेला होता.

त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याच गृहस्थांवर बिनशर्त माफी मागण्याची पाळी आली. पुण्यात प्लेगबंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या चालू होत्या आणि लोक संतप्त झाले होते. २२ जूनच्या रात्री रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. गोखल्यांना पुण्याहून आलेल्या पत्रांत सैनिकांच्या अत्याचारांच्या हकीकती होत्या. त्यांत दोन स्त्रियांवरील बलात्काराचा आरोपही होता. त्या पत्रांवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रातून हे आरोप जाहीर केले. मुंबईस परतल्यावर त्यांना पुरावा मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणेही शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी आपले विधान मागे घेऊन जाहीर माफी मागितली. ह्या माफीबद्दल स्वदेशात त्यांची पुष्कळ निर्भर्त्सना झाली.

झडत्यांत लोकांची विटंबना झाली होती ह्याविषयी इतिहासात दुमत नाही. प्रश्न होता तो एका विशिष्ट आरोपाच्या सिद्धतेचा. ह्यापूर्वी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर ह्यांनाही असाच अनुभव आला होता. विश्वासाने छापलेली पत्रे बनावट ठरली आणि दोघांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. दोन्ही प्रसंगी लेखकांचा हेतू शुद्ध होता आणि भाषाही निर्दोष होती.

एप्रिलमधील साक्ष व जुलैमधील निवेदन ह्यांची तुलना केली असता एक भेद स्पष्ट दिसतो. साक्ष तीन जाणत्या माणसांच्या हातांखालून गेली होती. निवेदन करताना गोखले रानडे व जोशी ह्यांच्यापासून हजारो मैल दूर होते आणि ज्या पत्रांवर ते आधारले होते ती त्यांना तपासून घेता आली नव्हती. त्यांच्या लेखनशक्तीत तीन महिन्यांत काही उणेपणा आला नव्हता. फक्त थांबविणारा व विचारणारा हात त्या वेळी जवळ नव्हता. दुरुस्तीच्या व्यवहाराचे मोल त्याच्या अभावी जितके कळले, तितके त्याच्या यशाने कळले नसते.

५

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्यानंतर वरिष्ठ कायदेमंडळात गेलेल्या गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक वाढते आहे आणि त्याच वेळी लोक दरिद्री होत आहेत, अशी शिल्लक भरभराटीची निदर्शक मानता येत नाही, हे त्याचे सूत्र होते. त्याही वेळी त्यांनी जोश्यांकडे साहाय्य मागितले होते. उपलब्ध पत्रव्यवहारातून त्यांचे हे ऋण स्पष्ट दिसते. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी आग्रहाने मांडली. १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हे श्रेय एकट्या भाषणाचे नव्हे. तथापि ज्याच्या चुलीवरील मिठाचा प्रश्न होता त्याच्यापर्यंत एखाद्या इंग्रजी मसुद्याचा परिणाम पोचू शकतो, एवढे त्यातून दिसून आले. १२ जून १९०५ रोजी स्थापन झालेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षे अभ्यासात घालवावी लागत. रानड्यांच्या घरी जे अनौपचारिकपणे चालले होते, त्याला येथे संस्थेचे रूप आले.

ह्या परंपरेच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. तिचे वर्तुळ अरुंद होते. ज्याला कॉलेजचे शिक्षण, सभेचे सभासदत्व आणि तपासून देणारा स्नेही ह्या तिन्ही गोष्टी लाभल्या, त्यालाच तिचा लाभ होता. जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ला (१८७३) इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे इंग्रजी निवेदन सादर केले. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते, त्याचा लाभ मूठभर वरिष्ठ जातींना होतो, आणि ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून हा पैसा येतो त्याच्या मुलांना प्राथमिक शाळाही मिळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. सभेच्या वर्तुळाने शेतकऱ्याच्या वतीने अनेक अर्ज लिहिले. शेतकऱ्याच्या मुलाने स्वतः मसुदा लिहावा आणि त्याला तो कोणीतरी तपासून द्यावा, हा विचार मात्र फुल्यांच्या निवेदनात अधिक ठळकपणे आढळतो. स्त्रियांच्या बाबतीत अडचण घरातच होती. रमाबाई रानडे ह्यांनी आपल्या आठवणींत (१९१०), पतीजवळ इंग्रजी शिकत असता घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा किती रोष सोसावा लागला, ह्याचे वर्णन केले आहे. चूक दाखविणारा मनुष्य जवळ असणे हे त्या काळी एक दुर्मीळ भाग्य होते.

दुसरी मर्यादा मराठीच्या संबंधाने आहे. जी काटेकोर तपासणी इंग्रजी अर्जाच्या वाट्यास आली, ती मराठी गद्याच्या वाट्यास त्याच मंडळींकडून आली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४–१८८१) आणि टिळक-आगरकरांची पत्रे ह्यांनी मराठी गद्य घडविले. सभेच्या त्रैमासिकातील अर्थशास्त्रीय विचार मात्र बहुतांशी इंग्रजीतच राहिला. हा अर्ज लोकांसाठी आहे असे रानडे म्हणत, परंतु लोकांना वाचता येणाऱ्या भाषेत तो लिहिला जात नसे. ही विसंगती ह्या परंपरेच्या गाभ्यातच होती.

ह्या दोन्ही बाजू १९१२ साली गोखल्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील प्रवासात एकत्र दिसतात. त्या प्रवासाचे वर्णन गांधीजींनी आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात केले आहे. प्रिटोरियात बोथा व स्मट्स ह्यांची भेट घेण्यापूर्वी गोखल्यांनी तेथील हिंदी लोकांच्या प्रश्नाचा संक्षिप्त इतिहास गांधीजींकडून लिहवून घेतला, रात्री जागून तो वाचला, आणि आपल्याला तो बरोबर समजला आहे की नाही हे त्यांच्यापुढे बोलून पडताळून घेतले. साम्राज्यातील उत्कृष्ट वक्त्यांत ज्यांची गणना होत होती, ते वयाने लहान असलेल्या सहकाऱ्यापुढे आपली चूक काढून घेण्यासाठी बसले होते. त्याच प्रवासात कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय हिंदू श्रोत्यांपुढे गोखल्यांनी मराठीत बोलावे असा आग्रह गांधीजींनी धरला, आणि त्या भाषणांचे हिंदुस्थानीत भाषांतर त्यांनी स्वतः केले. इंग्रजीच्या मसुद्यात आयुष्य घालविलेल्या पुरुषाला आपल्या भाषेत बोलावयास लावण्यासाठी एका गुजराती मनुष्याला आग्रह करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

एकंदरीत पाहता, दुरुस्ती मागणे हे ह्या पिढीने कमीपणाचे मानले नाही, हा तिचा विशेष होय. ग्रँट ह्यांच्या लेखणीत भाषेचा व मताचा जो अधिकार एकवटला होता, तो रानडे, जोशी व गोखले ह्यांनी वेगळा केला. मत आपले ठेवले आणि त्याची तपासणी मात्र परक्या परीक्षकाहून कठोर केली. महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाच्या अभ्यासकाला छापील लेखाबरोबर त्यामागील पत्रव्यवहार, टिपणे व मसुदे हेही साधन म्हणून पाहावे लागतील ते ह्यासाठी. छापील पानावर एकच नाव असते, आणि पुष्कळदा तेही नसते. त्यामागे किती हात होते हे फक्त समासावरूनच कळू शकते.